बोधिधर्म, लहुजी वस्ताद आणि इतिहासाची शिस्त

आपल्या निवासी शाळेत कराटेचा वर्ग जेथे भरतो, तेथे बोधिधर्मांचे चित्र लावलेले आहे. भारतातून चीनला गेलेल्या या भिक्खूंनी शाओलिन विहारात युद्धकला शिकविली आणि तीच पुढे जगभर पसरली, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. मीही कित्येक वर्षे हेच सांगत आलो. परदेशात गुरुपद मिळविणारा भारतीय भिक्खू ही प्रतिमा मनाला सुखावते. परंतु मनाला सुखावणारी प्रत्येक गोष्ट इतिहास नसते.

बोधिधर्मांचा सर्वांत जुना उल्लेख यांग शुआनझी यांच्या इ. स. 547 च्या ग्रंथात आहे. तेथे ते पश्चिमेकडून, पर्शियातून आलेले वयोवृद्ध भिक्खू म्हणून दिसतात. सातव्या शतकातील चरित्रकार दाओश्युआन त्यांना दक्षिण भारतीय म्हणतो. युद्धकलेचा उल्लेख दोघांकडेही नाही. शाओलिन विहार पाचव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला, तो बातुओ या दुसऱ्याच भारतीय भिक्खूंसाठी. तेथील भिक्खूंनी 621 मध्ये युद्धात भाग घेतल्याची नोंद शिलालेखात आहे. पण त्यांना ती विद्या बोधिधर्मांनी दिली, असे तो लेख म्हणत नाही. हे श्रेय त्यांना देणारा व्यायामग्रंथ सतराव्या शतकातला. त्याच्या जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या प्रस्तावना बनावट असल्याचे चिनी इतिहासकार तांग हाओ यांनी विसाव्या शतकात दाखवून दिले.

यामुळे बोधिधर्म लहान होत नाहीत. ज्या ध्यानपरंपरेला चीनमध्ये ‘चान’ आणि जपानमध्ये ‘झेन’ म्हणतात, ती त्यांना आपले आद्य आचार्य मानते. ही दोन्ही नावे ‘ध्यान’ या शब्दापासूनच आली आहेत. हा गौरव पुरेसा आहे.

काही सहकारी म्हणतील, मुलांचा अभिमान कशाला मोडता? त्यांना माझे उत्तर बाबासाहेबांच्या ग्रंथात आहे. वृद्ध, रोगी आणि मृत माणूस प्रथमच पाहून सिद्धार्थांनी गृहत्याग केला, ही शतकानुशतकांची कथा बुद्धीला पटत नाही, असे त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच स्पष्ट केले. तिच्या जागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा मांडला. प्रत्यक्ष तथागतांच्या चरित्राला जी कसोटी लावली, ती इतरांना का लावू नये?

आणि अभिमानासाठी आपल्याला आख्यायिकेची गरजही नाही. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती. मांग जातीत जन्मलेल्या या वस्तादांकडे जोतीराव फुले दांडपट्टा व निशाणबाजी शिकले. ज्या समाजात सावलीचाही विटाळ मानला जाई, तेथे सवर्णांची मुलेही या तालमीत येत. परदेशी जाणाऱ्या गुरूला समुद्र ओलांडावा लागतो; लहुजींना गावकुसाची वेस ओलांडावी लागली. हा प्रवास काही कमी लांबीचा नव्हता. त्यांच्याच कुटुंबातील मुक्ता साळवे फुले दांपत्याच्या शाळेत शिकली आणि 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. तालमीशेजारी शाळा असली म्हणजे काय घडते, याचा हा पुरावा आहे.

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात आणि मुले आपल्यासारख्या वसतिगृहांच्या भरवशावर मागे राहतात. त्यांतील मुलींना स्वसंरक्षणाची कला शिकविणे ही चैन नव्हे. मात्र त्यांच्या हातापायांना बळ देताना ‘गुरुजी, हे कुठे लिहिले आहे?’ असे विचारण्याचे बळही त्यांना दिले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बोधिधर्मांचे चित्र काढू नये. त्याखाली ‘परंपरेनुसार’ हा एक शब्द लिहावा. शेजारी लहुजी वस्ताद आणि मुक्ता साळवे यांची नावे लावावीत. पुढील वर्षीच्या पहिल्या तासाला या तिघांची माहिती विद्यार्थ्यांनीच शोधून वर्गात मांडावी. चूक मी केली होती, ती दुरुस्त करण्याचे काम त्यांच्यासमवेत करायला मला आनंद वाटेल.