शिकवणीचे वेळापत्रक तिथीने ठरवा : शिकाऊ नाविकांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, बंदरे विभाग,
महाराष्ट्र शासन

विषय : लहान शिडाच्या व इंजिनाच्या होड्या शिकणाऱ्यांचे प्राथमिक प्रशिक्षण

महोदय,

आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीत होड्या चालवणारे आणि चालवायला शिकवणारे लोक. आमच्या संघटनेत पिढीजात तांडेल आहेत, निवृत्त खलाशी आहेत आणि हौसेने शीड शिकायला आलेली कॉलेजची मुले-मुलीही आहेत. हे पत्र लिहिण्याची वेळ धुळवडीच्या दिवशी घडलेल्या एका प्रसंगाने आणली.

त्या दिवशी सुट्टी होती म्हणून वर्ग ठेवला होता, आणि तो आमच्याच एका सभासदाने ठेवला होता. दोन शिकाऊ मुले दुपारी दोन वाजता होडी घेऊन निघाली. तीनच्या सुमारास खाडीच्या मुखाशी होडी उलटली. एक मुलगा पालथ्या होडीला धरून राहिला. मच्छीमारांनी त्याला थोड्याच वेळात उचलले. दुसऱ्याला किनारा जवळ दिसला, म्हणून तो पोहत निघाला. तो तासाभराने सापडला, तोही किनाऱ्यापासून कितीतरी लांब, बाहेरच्या अंगाला. जाकीट अंगात होते म्हणून वाचला.

हा अपघात आदल्या दिवशी बोटांवर मोजून सांगता आला असता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अंदाजाने मिळते, हे आमच्याकडे घराघरांत ठाऊक असते. धुळवड म्हणजे वद्य प्रतिपदा. भरती पाऊणच्या आसपास. तिथून ओहोटी लागते. पहिल्या तासात पाणी हळू उतरते आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत जोरात. एकूण उतारापैकी जवळजवळ निम्मा या दोन तासांत होतो. त्यात उधाणाचे दिवस, म्हणजे उतारही मोठा. आणि नेमका याच वेळी उन्हाळ्यात खारा वारा चढलेला असतो. पाणी बाहेर धावते, वारा आत येतो, आणि मुखाशी लाटा उभ्या राहतात. अनुभवी तांडेल त्या वेळी तिथे जात नाही. शिकाऊ मुलांना मात्र आपण तिथेच पाठवले, कारण कॅलेंडरवर सुट्टी होती.

अष्टमी-नवमीला हेच गणित उलटे असते. भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातला, ओहोटी संपते दुपारी, आणि दुपारनंतर वारा व पाणी दोन्ही होडीला घराकडे आणतात. भांगाचे पाणी असल्याने ओढही कमी.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी : प्रत्येक प्रशिक्षण केंद्राचे वेळापत्रक भरती-ओहोटीच्या कोष्टकावरून ठरावे. नवशिक्यांचे खाडीच्या मुखापर्यंतचे पाठ अष्टमीच्या आसपासच घ्यावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे दुपारचे पाठ आतल्या पाण्यातच व्हावेत. रविवारी गर्दी असते हे आम्हालाही कळते. पण समुद्राला रविवार नसतो.

दुसरी मागणी परीक्षेची. प्रमाणपत्र कागदावरच्या उत्तरांवर देऊ नये, पाण्यात घेतलेल्या परीक्षेवर द्यावे. जाकीट सगळे पट्टे आवळून घालता यावे. पट्टा सैल असेल तर पाण्यात ते हनुवटीवर चढते आणि माणूस खालून निसटतो. होडी मुद्दाम उलटवावी आणि शिकणाऱ्याने तिला धरून राहावे, कारण लाटांत माणसाचे डोके दिसत नाही, होडीचे पोट दिसते. 2018 साली दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून पाठीला जबर दुखापत झालेले नाविक अभिलाष टॉमी तिसऱ्या दिवशी सापडले, ते आपल्या होडीतच होते. पाण्यात पडलेल्या माणसाला परत घेणे हा वेगळा धडा हवा : एकाने नजर न हलवता त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे, दुसऱ्याने तरंगणारे काहीतरी फेकायचे, आणि जवळ पोहोचताच इंजिन बंद करायचे, पंखा फिरता ठेवायचा नाही.

नांगराचे गणितही परीक्षेत असावे. ओहोटीला तीन मीटर पाण्यात पंधरा मीटर दोर सोडून नांगर टाकला की नवशिका निश्चिंत होतो, पाचपट झाली म्हणून. उधाणाला तिथे चार मीटर पाणी चढले की खोली होते सात, आणि तोच दोर जेमतेम दुप्पट उरतो. नांगर सुटतो, होडी वाहून जाते. दोर नेहमी भरतीच्या खोलीवरून मोजायचा.

समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळणे, रात्रीचे लाल-हिरवे दिवे, शिडाच्या होडीला वाट देणे, हे नियम चित्रांसह मराठी पुस्तिकेत छापून मिळावेत. ती पुस्तिका पाण्यात भिजली तरी टिकेल अशी असावी.

तिसरी मागणी खर्चाची म्हणाल तर अगदी लहान आहे. प्रत्येक धक्क्यावर रोजची भरती-ओहोटी, वाऱ्याचा अंदाज, तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आणि व्हीएचएफचा 16 क्रमांकाचा चॅनेल ठळक मराठीत लिहिलेला फळा असावा, आणि तो रोज लिहिणारा माणूस नेमलेला असावा. आमच्या धक्क्यावरचा फळा कित्येक महिने कोरा आहे. जाकिटे मुलांच्या मापाचीही ठेवावीत. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून सरकते.

शेवटची मागणी तांडेलांची आहे आणि ती आम्ही आग्रहाने मांडतो. हवा पाहून फेरी किंवा पाठ रद्द करण्याचा अंतिम अधिकार होडीवरच्या तांडेलाचा असावा, आणि त्यासाठी त्याची मजुरी कापली जाऊ नये. आज परत फिरणाऱ्याचा दिवस बुडतो. शिकणाऱ्याचे त्या दिवसाचे शुल्क पुढच्या पाठाला धरावे, म्हणजे त्याच्याकडूनही जोर येणार नाही.

शिकवणीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. त्याआधी आम्हाला बैठकीसाठी वेळ द्यावी. आमच्या खाडीसाठी नोव्हेंबर ते मे या महिन्यांचा तिथीवार तक्ता जुन्या तांडेलांनी बसून तयार केला आहे, तो सोबत जोडला आहे. इतर खाड्यांचे तक्ते करायला आमची माणसे विनामोबदला येतील.

आपले,
संघटनेचे सर्व सभासद