ईदचा एकच सक्तीचा खर्च

रमजानचा विसावा रोजा सुटला की आपल्या मोहल्ल्यांत दोन घोषणा ऐकू येतात. मशिदीतून यंदाच्या फित्र्याचा दर सांगितला जातो आणि बाजारातून नवीन माल आल्याची हाकाटी होते. मशिदीतली घोषणा तरावीहनंतर मिनिटभरात संपते. बाजारातली सहरीपर्यंत चालू राहते. मुंबईच्या मोहम्मद अली रोडपासून ते तालुक्याच्या गावी मशिदीसमोर लागणाऱ्या चार गाड्यांपर्यंत, कपडे, चपला, बांगड्या, अत्तर, शेवया, खारीक, सगळे दिव्यांत झगमगत असते.

घरात ईदची यादी झालेली असते. मुलांचे कपडे, मोठ्यांचे कपडे, चपला, पडदे, चादरी, शिरखुर्म्याचे सामान, जावयाचे, मुलीच्या सासरचे, भाच्यांची ईदी. ही यादी घरोघरी थोड्याफार फरकाने सारखीच. तिच्यात एक गोष्ट बहुतेक वेळा लिहिलेली नसते, ती म्हणजे फितरा. तो आठवतो ईदच्या सकाळी, ईदगाहकडे निघताना, दाराशी चपला घालताना.

आमचे म्हणणे या महिन्यात एवढेच आहे. ईदच्या दिवसासाठी दीनने आपल्यावर जो खर्च बांधून दिला आहे, तो हा एकच. जकात वेगळी; ती मालावर वर्ष पूर्ण झाले की द्यायची, मग तो महिना कोणताही असो. ईदशी जोडलेला खर्च सदका-ए-फित्रचा. बाकी सगळी यादी आपली, आपल्या खुशीची आणि ऐपतीची. पण आपण उलट करून ठेवले आहे. जे सक्तीचे ते शेवटच्या क्षणी, आणि जे खुशीचे ते कर्ज काढून.

फितरा किती असतो ते जरा मोजून पाहू. हनफी घरांत गव्हाच्या हिशेबाने माणशी सुमारे पावणेदोन किलो धरतात. पाच माणसांचे ८.७५ किलो झाले. गव्हाचा भाव ४० रुपये धरला तर सगळ्या घराचे ३५० रुपये. कोकणातल्या शाफई घरांत माणशी एक साअ, म्हणजे अडीच ते तीन किलो तांदूळ देण्याची रीत आहे. हदीसमध्ये फित्र्याची दोन कारणे सांगितली आहेत. रोज्यात तोंडून गेलेल्या वावग्या शब्दांची, उणिवांची सफाई व्हावी आणि गरिबाच्या घरी त्या दिवशी अन्न असावे. म्हणूनच तो नमाजच्या आधी पोहोचायला हवा. नमाजनंतर दिला तर तो साधा सदका होतो, असेही त्याच हदीसमध्ये आहे. गरिबाची चूल ईदच्या सकाळी पेटायची असेल तर धान्य किंवा पैसे त्याआधी हातात पडले पाहिजेत, हे कोणालाही समजण्यासारखे आहे.

मशिदीच्या फलकावर नीट पाहिले तर गव्हाच्या खाली जव, खजूर आणि मनुक्यांचाही दर लिहिलेला असतो. ऐपत असलेल्याने त्या दराने द्यावे, असे उलेमा सांगतात. आता आपल्या घरातली तऱ्हा पाहा. शिरखुर्म्यासाठी खारीक निवडून घेतो, पिस्ता कोणता चांगला ते चाखून पाहतो, आणि फितरा मात्र फलकावरच्या सगळ्यात खालच्या दराने देऊन मोकळे होतो.

मग ईदला नवे कपडे घालायचेच नाहीत का? घालावेत, ऐपत असेल तर आनंदाने. ईद सुतकासारखी साजरी करा, असे कोणी सांगितलेले नाही. पण सुन्नत काय आहे तेही माहीत असावे. आंघोळ करणे, आपल्याकडे असलेल्यांपैकी चांगले कपडे घालणे, खुशबू लावणे, ईद-उल-फित्रला नमाजला निघण्याआधी खजूर खाणे, तेही विषम संख्येत, आणि एका वाटेने जाऊन दुसऱ्या वाटेने परत येणे. यातल्या कशालाही कर्ज लागत नाही. कपडे 'असलेल्यांपैकी चांगले' हवेत, 'नवेच' हवेत असे नाही. गेल्या वर्षी लग्नात एकदाच घातलेला शरारा धुऊन इस्त्री केला तर ईदमध्ये काही कमी होत नाही.

मग दडपण येते कुठून? दुकानदाराकडून येते हे खरे, आणि आता ते खिशातल्या मोबाईलमधूनही येते. 'आज घ्या, पैसे नंतर द्या' म्हणणारे ॲप रात्री दोन वाजताही जागे असते. पण जास्त दडपण आपणच एकमेकांवर आणतो. 'ईदला काय काय घेतलं?' हा प्रश्न आपण सहज विचारतो. ज्या आईने यंदा फक्त मुलांचे कपडे घेतले, तिला तो बोचतो. चाँद रातीच्या मेंदीपासून ईदच्या जोड्यापर्यंत सगळे मोबाईलच्या स्टेटसवर लागते, आणि शेजारची मुलगी ते पाहून आईकडे हट्ट धरते. ईदीचेही तेच. लहान मुलाच्या हातात कोरी करकरीत नोट ठेवण्यात केवढा आनंद आहे! पण कोणी किती दिले ते मनात टिपून ठेवायचे आणि त्यांच्या मुलांना तेवढेच परत द्यायचे, हा हिशेब सुरू झाला की ती ईदी राहत नाही, उसनवारी होते.

या हिशेबाचे सगळ्यात जड रूप म्हणजे मुलीची 'पहिली ईद'. लग्नानंतरच्या पहिल्या ईदला माहेरहून जावयाचे कपडे, बूट, घड्याळ, सासूसासऱ्यांचे आणि नणंदांचे जोडे, मिठाई आणि शिरखुर्म्याचे सगळे सामान सासरी जाते. काही घरांत ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही सुटत नाही. लग्नाचे कर्ज अजून फिटलेले नसते. वडील रिक्षा चालवत असतील, पॉवरलूमवर असतील, छोटी टपरी असेल. रमजानमध्ये कमाई बेताची आणि खर्च दुप्पट. तरी सामान जाते, कारण मुलगी तिकडे आहे. आलेले सामान पलंगावर मांडले जाते, बायका येऊन पाहतात, 'माहेरहून एवढंच आलं का?' असे कोणीतरी म्हणते, आणि ती मुलगी तिथेच ट्रे घेऊन उभी असते. तिची ती ईद कशी जात असेल?

याला आपण 'हदिया' म्हणतो. हदिया ही फार सुंदर गोष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) हदिया स्वीकारत आणि स्वतःही देत. भेटी दिल्याने प्रेम वाढते, ही त्यांची शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण त्यांनी मुस्लिम स्त्रियांना आणखी एक गोष्ट सांगितली होती. शेजारणीने दिलेली भेट बकरीच्या खुरासारखी क्षुल्लक असली तरी तिला कमी लेखू नका. म्हणजे भेट मोजायची नाही, हीच भेटीची पहिली अट. शिवाय मनाच्या खुशीशिवाय कोणाचाही माल दुसऱ्याला हलाल होत नाही, हेही दीनने शिकवले आहे. लोक काय म्हणतील या भीतीने व्याह्यांनी पाठवलेले घड्याळ मनगटावर बांधताना जावयाने स्वतःला एकदा विचारावे, यात त्यांची खुशी किती आणि नाइलाज किती?

'आम्ही मागितलं नव्हतं, त्यांनीच पाठवलं,' असे मुलाकडचे म्हणतात. तोंडाने मागितले नसेल. पण 'पाठवू नका' असेही म्हटले नाही ना! मुलीचे आईवडील ही प्रथा मोडू शकत नाहीत. त्यांनी मोडली तर किंमत मुलीला चुकवावी लागेल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ती मोडण्याची ताकद घेणाऱ्याच्या हातात आहे.

कर्जाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. बचत गटातून उचललेले पैसे, सोने गहाण ठेवून काढलेली रक्कम, क्रेडिट कार्डची थकलेली बाकी, या सगळ्यांवर व्याज चढते. सूरह बकराच्या शेवटी व्याजाबद्दल किती कडक इशारा आहे, ते आपण तरावीहमध्ये दरवर्षी ऐकतो. तीस दिवस हलाल पाण्याच्या घोटासाठीही मगरिबची वाट पाहायची आणि ईदचा जोडा व्याजाच्या पैशाने घ्यायचा, हे कसे जुळते? सूरह फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांची ओळख सांगताना म्हटले आहे, की ते खर्च करताना उधळत नाहीत आणि हात आखडतही नाहीत, मधल्या मार्गाने चालतात. कंजूष व्हा असे आम्ही म्हणत नाही. मधला मार्ग म्हणजे आपल्या कमाईत बसणारी ईद.

पैशाइतकाच वेळही जातो. हजार महिन्यांपेक्षा उत्तम असलेली कद्रची रात्र शेवटच्या दहा दिवसांच्या विषम रात्रींत शोधायची असते, आणि नेमक्या त्याच रात्री आपण चपलेचा रंग ओढणीला जुळतो का हे शोधत हिंडतो. यासाठी फक्त बायकांना बोल लावणे अन्यायाचे होईल. इफ्तारची तळणी, सहरीची पोळी, मुलांचे कपडे आणि सासरचा मान हे सगळे त्यांच्याच डोक्यावर टाकून पुरुष ऐतिकाफला बसतात, आणि नव्या मोबाईलचा हप्ताही पुरुषच घेतात. खरेदी शाबानमध्येच उरकली आणि घरकाम वाटून घेतले, तर घरातल्या बाईलाही त्या रात्री मुसल्ल्यावर बसायला मिळतील.

यावर एक रास्त शंका येते. ईदच्या कमाईवर ज्यांचे वर्ष निघते त्या शिंप्यांचे, बांगडीवाल्यांचे, हातगाडीवाल्यांचे काय? त्यांच्याकडून जरूर घ्या. थोडे घ्या, रोख घ्या, आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. बंद करायची आहे ती उधारी आणि दिखावा. २०२० साली २५ मे रोजी आपण टाळेबंदीत ईद केली. दुकाने बंद, ईदगाह बंद, नमाज घरीच. ते दिवस हलाखीचे होते, पुन्हा येऊ नयेत. पण त्या वर्षी अनेकांनी नव्या कपड्यांचा विचार सोडून ते पैसे शेजारच्या घरी रेशन भरायला दिले होते. जुन्या कपड्यांत ईद होते, हे आपण सगळ्यांनी एकदा करून पाहिले आहे.

मग या वर्षी यादी लिहिताना क्रम बदलू या. सगळ्यात वर घेणेकऱ्याचे देणे. मग जकातचा हिशेब. मग फितरा, घरातल्या माणसांची संख्या लिहून आणि ऐपतीप्रमाणे दर निवडून; तो पंचविसाव्या रोज्यापर्यंत हातावेगळा करावा. मुलांना सोबत न्यावे, धान्याची पिशवी त्यांच्या हातून द्यावी, आणि कोणाला दिले ते बाहेर बोलू नये, हेही तिथेच शिकवावे. एवढे झाल्यावर जे उरेल, त्यात कपडे आणि शिरखुर्मा.

आणि ज्यांच्या घरी यंदा नवी सून आली आहे, त्या सासूबाईंना आमची एक विनंती आहे. चाँद रातीची वाट पाहू नका. आजच सुनेच्या आईला फोन लावा, सून शेजारी असताना, आणि म्हणा, "विहीणबाई, ईदला काही पाठवायचं नाही हं. तुम्ही दोघं संध्याकाळी शिरखुर्म्याला या." एवढ्या एका वाक्याने दोन घरांची ईद सोपी होईल, इन्शाअल्लाह.