आवाज ऐका, पण सायलेन्सरचा नको

सेकंडहँड परफॉर्मन्स गाडी बघायला गेलेल्या आपल्या पोरांचा कार्यक्रम ठरलेला असतो. गाडीभोवती दोन चकरा, अलॉय व्हील्सवरून एकदा हात, मग मालकाला विनंती, ‘‘भाऊ, जरा रेस द्या ना.’’ मालक रेस देतो, सायलेन्सर गरजतो, मागे उभा असलेला कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि तिथल्या तिथे अर्धा सौदा होऊन जातो. हे मी चार वेळा पाहिलंय. त्यातल्या एका वेळी व्हिडिओ काढणारा मीच होतो.

गाडी माझ्या मामेभावाने घेतली. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, रंग असा की पार्किंगमध्ये लोक वळून बघायचे. आम्ही संध्याकाळी सातला पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. ‘‘तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली,’’ विकणारा म्हणाला. आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं! ऑइलबद्दल विचारलं तर तो हसला. ‘‘परफॉर्मन्स गाडी आहे दादा, थोडं ऑइल खाणारच.’’ आम्ही पण हसलो, जणू काही आपल्याला हे आधीपासून माहीतच होतं. मामाने एफडी मोडली आणि पुढच्या रविवारी गाडी दारात आली.

अडीच महिन्यांनी पसरणी घाटात डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. त्याआधी दोनेक आठवडे पिवळा दिवा अधूनमधून लागत होता, पण ती सर्व्हिसची आठवण असेल असं भावाला वाटलं. लाल दिवा म्हणजे ऑइलचं प्रेशर गेलंय, इंजिन त्याच क्षणी बंद करायचं. भाऊ ‘पाचगणीत बघू’ म्हणून वर चढत राहिला. पाचगणीत डिपस्टिक काढली तर कोरडी. गॅरेजमध्ये इंजिन खोललं तेव्हा मेकॅनिकने कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा तुकडा हातावर ठेवला. वरचा थर झिजून आत तांबं दिसत होतं. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा आला. मामाने फक्त ‘‘किती?’’ एवढंच विचारलं.

तेव्हापासून ‘परफॉर्मन्स गाडी ऑइल खातेच’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. खोटं असतं तर सोपं होतं. ते अर्धं खरं आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्याच पातळ थरावर फिरतो. घर्षण कमी व्हावं म्हणून आजकाल पिस्टन रिंगही कमी ताणाच्या बसवतात. माझ्दाच्या आरएक्स-८ मध्ये तर रोटरी इंजिनचे सील ओले राहावेत म्हणून कंपनीनेच इंजिनात मोजून ऑइल सोडायची सोय केलीय. ती गाडी ऑइल खात नसेल तर उलट काळजी करायची. युरोपीय कंपन्यांच्या मालकपुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल लागू शकतं, असं छापलेलं सापडतं. आता याचा हिशेब करा. दहा हजार किलोमीटरला पाच लिटर, म्हणजे अशा इंजिनात एकूण जेवढं मावतं साधारण तेवढंच. नुसत्या ‘थोडं’ या शब्दात हे बसत नाही.

आणि कंपनी ‘नॉर्मल’ म्हणाली म्हणून गिऱ्हाइकाने गप्प बसावं असंही नाही. ऑडीच्या २.० टीएफएसआय इंजिनाच्या २००९ ते २०११ मॉडेल वर्षांच्या गाड्या जास्त ऑइल जाळतात म्हणून अमेरिकेत मालकांनी एकत्र दावा लावला आणि प्रकरण तडजोडीने मिटलं. त्याच घराण्यातली १.८ आणि २.० टीएसआय इंजिनं आपल्याकडेही आली. त्या पिढीत ऑइल रिंगची तक्रार आणि टायमिंग चेनच्या टेन्शनरची तक्रार, दोन्ही जगभर गाजल्या. आज आपल्या बजेटमध्ये येणारी मजेशीर गाडी शोधायला गेलं की २०११ची लॉरा आरएस, २०१५ची अबार्थ पुंटो, २०१६ची पोलो जीटीआय, २०१७ची ऑक्टाव्हिया आरएस अशीच नावं समोर येतात. या गाड्या वाईट नाहीत, मला स्वतःला यातली एक हवीच आहे. पण सगळ्यांची वयं वाढलीत, आणि तुमच्या-माझ्या आधी दोन-तीन जणांनी त्यांच्यावर हौस भागवून घेतलीय.

म्हणून माझं म्हणणं असं की गाडी ऑइल खाते या कारणावरून ती नाकारू नका. किती खाते हे मालकाला सांगता येत नसेल तर नाकारा. रेट ठाऊक असलेली गाडी सांभाळता येते. दर हजार किलोमीटरला अडीचशे मिली लागतं हे कळलं की डिकीत डबा ठेवायचा, महिन्यातून दोनदा डिपस्टिक बघायची, विषय संपला. भावाच्या गाडीचा घात ऑइल खाण्याने झाला नाही, ती किती खाते हे कुणीच न सांगितल्याने आणि आम्ही न विचारल्याने झाला. दोन सर्व्हिसच्या मधली टॉप-अपची बिलं मागा. डाउनपाइपचं, रिमॅपचं बिल मालक फाइलमध्ये जपून ठेवतो आणि ऑइलचं एकही नसतं, यातच मला काय ते कळतं.

आवाजाचंही तसंच. सायलेन्सरचा आवाज विकत मिळतो, इंजिनाचा आवाज ऐकावा लागतो, आणि तो ऐकायची खरी वेळ म्हणजे पहिला सेल्फ. गाडी बघायला सकाळी जा. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर नमस्कार झाला की बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या आणि उद्या परत या. थंड इंजिनाने सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद डब्यात साखळी हलवल्यासारखा खडखडाट झाला तर चेन किंवा टेन्शनरची शंका घ्यायची. टेन्शनरला ऑइलचं प्रेशर मिळालं की तो आवाज थांबतो, म्हणून गरम इंजिनात तो ऐकूच येत नाही. आम्हाला ‘फिरवून आणलेली’ गाडी का दाखवली, हे मला वर्षभराने उमगलं.

प्रत्येक टकटकीने घाबरायचंही कारण नाही. डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं बॉनेटखाली शिवणयंत्रासारखी टिकटिकतातच. टोयोटा जीटी८६च्या पहिल्या पिढीत हाय प्रेशर फ्युएल पंप रातकिड्यासारखा किरकिरतो, आणि मालक त्याला लाडाने ‘क्रिकेट्स’च म्हणतात. भीती वाटायला हवी ती खालून, खोलातून येणाऱ्या जड ठोक्याची. रेससोबत तो वाढतो, गाडी ओढायला लागली की जास्त ऐकू येतो. तो बेअरिंगचा. तो दाबायला काही जण कंपनीने सांगितलेल्याऐवजी जाडं ऑइल भरतात, मग आवाजही मवाळ होतो आणि ऑइल जळणंही काही दिवस कमी दिसतं. शेवटचं ऑइल कुठल्या ग्रेडचं भरलं, हे बिलावर बघा. तोंडी उत्तर धरू नका.

धुरासाठी टेस्ट ड्राइव्हमध्ये एक उतार हवाच. गिअरमध्ये ठेवून, पाय काढून उतरा, खाली पोचलात की जोरात पिकअप द्या आणि मित्राला मागच्या गाडीतून बघायला सांगा. त्या क्षणी निळा ढग आला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील. सरळ रस्त्यावर जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगांवर संशय. बराच वेळ आयडल ठेवून नंतर रेस दिल्यावर येत असेल तर टर्बोही तपासायचा. कधी नुसता पीसीव्ही व्हॉल्व्ह खराब असतो आणि काम स्वस्तात होतं, पण ते मालकाच्या तोंडून नको, आपल्या मेकॅनिककडून कळू द्या. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करू देणार नाही म्हणणाऱ्याला मी राम राम करतो. स्कॅनर लावल्यावर जुने कोड नुकतेच पुसलेत असं दिसलं, तरीही.

‘एवढं सगळं केलं तर गाडी हातची जाईल,’ असं भाऊ अजूनही म्हणतो. जाईल, खरंच जाईल. दुसरा कुणीतरी संध्याकाळी सातला येईल, व्हिडिओ काढेल आणि टोकन देऊन मोकळा होईल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत पैसा आईबापाचा असतो, आणि तो दुसऱ्यांदा उभा राहत नाही. म्हणून माझ्या हिशेबात किमतीचा पाचवा हिस्सा इंजिनासाठी बाजूला ठेवल्याशिवाय गाडी ‘बजेटमध्ये’ आली असं म्हणायचंच नाही. तेवढे उरत नसतील तर साधी हॅचबॅक घ्यावी आणि घाटात मजा करावी. तीही पळते, चालवता आली तर.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं एक गाडी बघायला गेलो. सकाळी साडेसात, बॉनेट थंडगार. मालक निवृत्त गृहस्थ. किल्ली द्यायच्या आधी त्यांनी डिकी उघडून अर्धा भरलेला ऑइलचा डबा आणि एक शाळकरी वही बाहेर काढली. तारीख, किलोमीटर, किती मिली घातलं, सगळं निळ्या शाईत. ‘‘ऑइल खाते बरं का,’’ ते म्हणाले, ‘‘हजाराला तीनशे. आधीच सांगतो.’’ सेल्फ मारला, कान लावला, खडखडाट नाही. भावाने या वेळी व्हिडिओ काढला तो त्या वहीचा. सौदा अजून झालेला नाही, पंचवीस हजारांवर अडलाय. काका म्हणतात वही फुकट देईन, गाडीत कमी करणार नाही.