महाराष्ट्राला वीस बळी घेणारे हवेत

मार्च २०२४ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना वानखेडेवर झाला तो मुंबई आणि विदर्भ यांच्यात. पुढच्याच हंगामात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, हेच दोन संघ नागपुरात उपांत्य सामन्यात पुन्हा समोरासमोर आले. विदर्भाने तो ८० धावांनी जिंकला आणि मग करंडकही उचलला. एका राज्याचे तीन संघ रणजी खेळतात. त्यांतले दोन शेवटच्या टप्प्यावर एकमेकांशी झुंजत होते आणि ज्याच्या नावातच महाराष्ट्र आहे तो तिसरा संघ दोन्ही वेळा साखळीतूनच घरी परतला होता. हा तिसरा संघ आपला आहे. पुणे, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, मराठवाडा, कोकण एवढा मुलूख त्याच्या पाठीशी आहे. त्याने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० मध्ये आणि १९४०-४१ मध्ये. त्यानंतर एकदाही नाही.

या अपयशाची कारणे सोलापुरात कुणालाही विचारा, तयार उत्तरे मिळतात. पार्क स्टेडियमच्या कठड्यावर मिळतात, तीच वर्तमानपत्रांच्या क्रीडापानांवरही मिळतात. मला ती पटत नाहीत. ती सगळीच खोटी आहेत असे नाही, पण ती ज्या गोष्टीवर बोट ठेवायला हवे तिच्यापासून आपले लक्ष दूर नेतात.

पहिले उत्तर आयपीएलचे. पोरांचे डोळे वीस षटकांच्या पैशावर लागले, चार दिवस उन्हात उभे राहायची तयारी उरली नाही, असे म्हणतात. ते खरे मानले तर ते सगळ्यांनाच लागू पडायला हवे. मुंबईचे खेळाडू आयपीएल खेळत नाहीत काय? राष्ट्रीय संघासाठी मुंबईचे जेवढे खेळाडू जातात तेवढे महाराष्ट्राचे कधीच गेले नाहीत. तरीही मागे उरलेल्यांच्या जोरावर मुंबईने २०२४ मध्ये बेचाळिसावे विजेतेपद मिळवले. ऋतुराज गायकवाड उपलब्ध नसला की संघ ढेपाळतो हे मान्य. पण एका माणसावाचून संघ ढेपाळत असेल तर दोष त्या माणसाच्या वेळापत्रकात शोधायचा नसतो.

दुसरे उत्तर नशिबाचे, आणि ते जास्त मोहात पाडणारे आहे. जानेवारी २०२३ मध्ये ब्रेबॉर्नवर महाराष्ट्राने पहिल्या डावात ३८४ धावा केल्या. मुंबईचा डावही नेमका ३८४ वर संपला. एका धावेची आघाडी कोणालाच मिळाली नाही, आघाडीचे तीन गुण कोणालाच मिळाले नाहीत, सामना अनिर्णित राहिला आणि दोन्ही संघ बाद फेरीबाहेर राहिले. ज्याने हा सामना पाहिला त्याला हळहळ वाटणारच. मलाही वाटली. पण जरा थांबून विचार करा. केदार जाधवच्या शतकाने उभारलेल्या ३८४ धावा पाठीशी होत्या आणि मुंबईच्या मधल्या फळीला, विशेषतः शतक ठोकणाऱ्या यष्टिरक्षक प्रसाद पवारला, आपल्याला वेळीच उखडता आले नाही. त्याच्या आदल्याच हंगामात, मार्च २०२२ मध्ये, महाराष्ट्राने डाव घोषित करून उत्तर प्रदेशसमोर शेवटच्या दिवशी ३५९ धावांचे लक्ष्य ठेवले होते. ते त्यांनी गाठले. चौथ्या डावात ३५९ धावा हातात असताना सामना हरणे याला नशीब म्हणायचे असेल तर मग क्रिकेटमध्ये नशिबाशिवाय काही उरतच नाही.

रणजीची गुणपद्धत इथे समजून घेतली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच उघडा पडतो. निर्णायक विजयाला सहा गुण, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकलात तर सात. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीला तीन आणि पिछाडीला एक. आठ संघांच्या गटात सात सामने आणि पुढे फक्त दोन संघ. म्हणजे आघाड्या घेत बसलेल्या संघाला शेवटच्या फेरीत दुसऱ्यांच्या निकालाकडे डोळे लावावे लागतात. सहा गुण हवे असतील तर समोरच्या संघाला दोनदा बाद करावे लागते. वीस बळी. महाराष्ट्र संघाची निराशा या एका आकड्यापाशी येऊन थांबते.

मग पुढचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच पार्कवर, इंदिरा गांधी स्टेडियमवर, सौराष्ट्राने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवले तेव्हा गोलंदाज कुठे कमी पडले? तिथे तर फलंदाजच कोसळले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईविरुद्ध पहिल्या डावात १२६ धावांत गारद झालो, तिथेही फलंदाजच. मग खापर गोलंदाजांवर का?

खापर गोलंदाजांवर फोडायचेच नाही. म्हणणे असे आहे की ज्या संघाजवळ चांगले गोलंदाज नसतात, त्याचे फलंदाजही कच्चेच राहतात. पार्कची खेळपट्टी फिरकीला साथ देऊ लागली की पाय कसा काढायचा, चेंडू हातातून सुटतानाच कसा ओळखायचा, हे पुस्तकातून येत नाही. ते रोज नेटमध्ये समोर उभ्या असलेल्या गोलंदाजाकडून येते. आठवड्याचे सहा दिवस जो साध्या माऱ्यावर धावा जमवतो, तो सातव्या दिवशी सौराष्ट्राच्या धर्मेंद्रसिंह जडेजासारख्या मुरलेल्या डावखुऱ्या फिरकीपटूसमोर चाचपडणारच. सौराष्ट्राचे फलंदाज त्याच जडेजाला घरच्या नेटमध्ये वर्षानुवर्षे खेळत आले आहेत. पार्कवरच्या त्या सामन्यातला फरक मला तिथेच दिसतो.

आपला इतिहासही फलंदाजांचा आहे आणि आपण त्यातच रमतो. प्राध्यापक दि. ब. देवधर पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना द्विशतक ठोकत होते. विजय हजारे यांनी १९३९-४० मध्ये बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या. पुढच्या हंगामात नॉर्दर्न इंडियाविरुद्ध संघाने ७९८ चा डोंगर रचला. भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ तर सर्वांना तोंडपाठ आहेत. डिसेंबर १९४८, पुणे, समोर काठियावाड. सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा विक्रम नऊ धावांवर आला असताना समोरच्या संघाने मैदानच सोडले. केदार जाधवच्या २०१३-१४ च्या हंगामातील १२२३ धावा आपण अभिमानाने सांगतो. त्याच वर्षी आपण वानखेडेवर मुंबईला, इंदूरला बंगालला हरवून अंतिम फेरी गाठली होती. हैदराबादच्या त्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने दोन डावांत ३०५ आणि ३६६ धावा केल्या. कोणत्याही काळात त्या पुरेशा मानल्या जाव्यात. पण कर्नाटकाने पहिल्याच डावात ५१५ केल्या आणि सामना सात गडी राखून जिंकला. करंडक जिंकून ७३ वर्षे झाली होती आणि तो हाताशी आला होता. धावा होत्या, बळी नव्हते.

आता गोलंदाज आठवा. वसंत रांजणे यांनी १९५६-५७ च्या रणजी पदार्पणात सौराष्ट्राचे ३५ धावांत नऊ बळी घेतले, तेही हॅटट्रिकसह. ते सात कसोटी खेळले. सत्तरच्या दशकात पांडुरंग साळगावकर देशातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजांपैकी एक म्हणून नावाजले, पण कसोटी टोपी त्यांना मिळाली नाही. समद फल्लाहने २०१३-१४ च्या त्या उपांत्य सामन्यात बंगालचे कंबरडे मोडले, वर्षानुवर्षे एकहाती ओझे वाहिले. नावे आहेत, पण एकेकटी. फळी कधी उभी राहिली नाही. एक थकला की त्याच्या जागी दुसरा तयार असतो, ही गोष्ट आपल्याकडे घडत नाही.

विदर्भाकडे पाहा. कालपर्यंत त्यांना कोणी गणतीत धरत नव्हते. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले, वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज आला, हे सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण २०१७-१८ चा अंतिम सामना दिल्लीविरुद्ध फिरला तो रजनीश गुरबानीच्या हॅटट्रिकने. २०२४-२५ मध्ये त्यांच्या हर्ष दुबेने एका रणजी हंगामात ६९ बळी घेण्याचा विक्रम केला. बावीस वर्षांचा डावखुरा फिरकीपटू. सहा-सात हंगामांचे अंतर असलेल्या दोन विजेतेपदांत दोन वेगळे गोलंदाज पुढे आले, एक वेगवान, एक फिरकी. अशी परंपरा मागे कोणी घडवणारा असल्याशिवाय उभी राहत नाही.

एक उत्तर बाकी आहे आणि सोलापुरात ते सर्वांत मोठ्या आवाजात दिले जाते : पुणेवाले बाहेरच्यांना घेत नाहीत. या तक्रारीतली वेदना मला समजते, निदान मात्र चुकीचे वाटते. संघातली आजवरची नावे तपासा. अंकित बावणे पैठणचा, सत्यजित बच्छाव नाशिकचा, विजय झोल जालन्याचा, राजवर्धन हंगरगेकर आपल्या शेजारच्या तुळजापूरचा. केदार जाधवचे घराणे माढा तालुक्यातले. जिल्ह्याची मुले संघात येतात. पण ती घडतात जिल्ह्याबाहेर. अन्याय निवड समितीच्या बैठकीत होत असेल-नसेल, त्याच्या दहा वर्षे आधी तो मैदानावर झालेला असतो.

सोलापूरचेच पाहा. पॉली उम्रीगर इथे जन्मले, मुंबईत घडले, भारताचे कर्णधार झाले आणि कसोटीत भारताचे पहिले द्विशतक त्यांच्याच बॅटमधून निघाले. सलील अंकोला इथे जन्मला. त्याने १९८८-८९ मध्ये महाराष्ट्राकडून पदार्पणातच हॅटट्रिक घेतली, १९८९ मध्ये कराचीत सचिन तेंडुलकरबरोबरच कसोटी पदार्पण केले आणि मग मुंबईकडे गेला. असा वेगवान गोलंदाज सोलापूरच्या मातीतून पुन्हा निघाला नाही. अर्शिन कुलकर्णी इथला. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुणेरी बाप्पाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा झोडपल्या, त्याच सामन्यात चार बळी घेतले, आणि हे सगळे नाशिकच्या संघासाठी. किरण नवगिरे आपल्या जिल्ह्यातल्या मिरे गावची. २०२२ मध्ये नागालँडकडून नाबाद १६२ केल्यावर देशाला तिचे नाव कळले. पुढे महाराष्ट्राकडून खेळताना ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने ३४ चेंडूंत शतक ठोकून महिलांच्या टी-ट्वेंटीतला विश्वविक्रम केला. या सगळ्यांचा मला अतोनात अभिमान आहे. पण अंकोला सोडला तर ही यादी बॅटने नाव कमावणाऱ्यांची आहे, आणि तिच्यातले बहुतेक जण घर सोडून मोठे झाले.

याचे कारण मैदानावर जाऊन पाहिले की समजते. शहरातली बहुतेक मुले टेनिस चेंडूने खेळतात, उरलेली सिमेंटवर किंवा मॅटिंगवर. त्यावर फलंदाज तयार होऊ शकतो. उसळी खात्रीची असते, हात मोकळे होतात, फटका बसतो. गोलंदाजाला मात्र मॅटिंगवर खिळ्यांचे बूट घालून धावत येता येत नाही. टाच रोवायला माती नसते, पन्नास षटके जुना झालेला चेंडू काय करतो ते दिसत नाही, तिसऱ्या दिवशी भेगाळलेल्या खेळपट्टीवर कुठे टप्पा टाकायचा ते कळत नाही. स्पर्धा वीस-वीस षटकांच्या, गोलंदाजाच्या वाट्याला चार षटके. रणजीत दिवसाला नव्वद षटके टाकावी लागतात. सकाळी पाच, दुपारी सहा, चहापानानंतर दमलेल्या पायांनी पुन्हा पाच षटके टाकायची आणि तरी टप्पा ढळू द्यायचा नाही, ही सवय चार षटकांच्या क्रिकेटमधून लागणार कशी? राज्य संघटनेची निमंत्रित स्पर्धा आहे, जिल्हे तिच्यात उतरतात, ते मोलाचेच आहे. पण मोजक्या सामन्यांवर गोलंदाज पिकत नाही. त्याला वर्षभर टर्फ लागते.

टर्फ म्हणजे पाणी, रोलर आणि खेळपट्टी राखणारा जाणता माणूस. सोलापूरसारख्या गावात, जिथे उजनी धरण भरलेले असले तरी नळाला काही दिवसांआड पाणी येते, तिथे मैदानाला पाणी मागताना जीभ अडखळते, हे मी जाणतो. म्हणून मी दहा मैदाने मागत नाही. पार्क आहे. ते नव्याने उभे राहिले आहे आणि तिथे रणजीचे सामने झाले आहेत, म्हणजे खेळपट्टी राज्याच्या दर्जाची आहे हे संघटनेनेच मान्य केले आहे. त्या मैदानाच्या सरावपट्ट्या वर्षाचे किती दिवस जिल्ह्यातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या गोलंदाजांना मिळतात, हा माझा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेला आणि सोलापूर महानगरपालिकेला थेट प्रश्न आहे.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सोलापूर, धाराशिव, लातूर, सांगली यांच्यात सोळा वर्षांखालच्यांचे तीन दिवसांचे सामने टर्फवर व्हावेत, हिवाळ्यात, दर पंधरवड्याला. प्रत्येक जिल्ह्यात पगारी गोलंदाजी प्रशिक्षक असावा, आणि तो त्या जिल्ह्यातच राहणारा असावा. वेगवान गोलंदाजाने आठवड्यात किती षटके टाकली याची नोंद ठेवली जावी, म्हणजे अठराव्या वर्षी पाठ मोडून घेणारी मुले कमी होतील. बाहेरून अनुभवी खेळाडू आणण्याला माझा विरोध नाही, विदर्भानेही ते केले. पण पाहुण्या फलंदाजाने धावांचा ढीग आणखी उंच होईल, वीस बळींचा प्रश्न जिथल्या तिथे राहील.

आणि सोलापूरकर रसिकांना एक सांगणे. पार्कवर पुढचा रणजी सामना आला की शतक पाहायला अवश्य या, टाळ्या वाजवा. पण महाराष्ट्राचा एखादा विशीतला गोलंदाज चहापानानंतर तिसऱ्यांदा चेंडू हातात घेईल, तेव्हा उठून घरी जाऊ नका. त्या वेळी त्याला तुमच्या टाळ्यांची जास्त गरज असते.