मेलेल्या सरकारचा झेंडा कोणाच्या खांद्यावर?

अमेरिकेच्या दक्षिणेत १८६१ साली एक वेगळे सरकार उभे राहिले. अकरा राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, त्यांनी स्वतःची राज्यघटना लिहिली, जेफरसन डेव्हिस यांना राष्ट्राध्यक्ष केले आणि रिचमंडला राजधानी थाटली. या सरकारचे नाव कॉन्फेडरसी. चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर, १८६५ साली, ते संपले. पण त्याला पुन्हा उभे करू पाहणारी माणसे आजही आहेत. १९९४ साली अलाबामात ‘लीग ऑफ द साऊथ’ ही संघटना स्थापन झाली. दक्षिणेची राज्ये अमेरिकेपासून तोडून स्वतंत्र राष्ट्र करायचे, हा तिचा उघड कार्यक्रम. तिचा संस्थापक मायकेल हिल हा इतिहासाचा प्राध्यापक. आणि तोही कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजात शिकवलेला!

आपल्याला त्याचे काय, असे काही मित्र विचारतील. आमचे म्हणणे असे की, ‘आमचे जुने वैभवशाली राज्य परत आणू’ ही घोषणा कशी तयार होते आणि तिच्या पोटात काय दडलेले असते, हे समजून घ्यायला याहून उघड उदाहरण सापडणार नाही.

या चळवळीचे दोन मुख्य दावे आहेत. पहिला, हा आमचा वारसा आहे, यात कोणाचा द्वेष नाही. दुसरा, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, राज्यांच्या हक्कांसाठी होते.

दावे तपासायला त्यांचेच कागद पुरेसे आहेत. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथे केलेल्या भाषणात स्पष्ट सांगितले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था आहे, या विचारावर आमच्या सरकारचा पाया रचला आहे. हेच स्टीफन्स पराभवानंतर जाडजूड ग्रंथ लिहून सांगू लागले की, भांडण केवळ घटनात्मक तत्त्वाचे होते!

राज्यांच्या हक्कांचे म्हणाल, तर कॉन्फेडरसीच्या घटनेने गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास आपल्या संसदेला बंदी घातली होती. नव्याने मिळणाऱ्या प्रदेशातही गुलामगिरीला संरक्षण द्यावे लागेल, असे कलम घातले होते. त्याआधी, १८५० च्या कायद्याने पळून गेलेले गुलाम पकडून परत देण्याची सक्ती उत्तरेच्या राज्यांवर झाली, तेव्हा दक्षिणेला केंद्राची सत्ता गोड लागत होती. उत्तरेची राज्ये हा कायदा नीट पाळत नाहीत, ही तर साऊथ कॅरोलिनाची फुटून निघतानाची मुख्य तक्रार होती. म्हणजे उत्तरेच्या राज्यांनी आपला हक्क वापरला की तो गुन्हा, आणि दक्षिणेने वापरला की ते स्वातंत्र्य!

‘दक्षिणेची जनता’ हा शब्दही तपासून घ्या. १८६० साली साऊथ कॅरोलिना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत गुलामांची संख्या गोऱ्यांहून जास्त होती. फुटून निघण्याचा निर्णय घेताना त्यांना कोणी विचारले होते? त्यांनी आपले मत वेगळ्या मार्गाने दिले. गुलाम मळे सोडून पळाले, आणि जवळपास १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या सैन्यात लढले. दक्षिणेचा हाही वारसाच आहे. पण कॉन्फेडरसीचा झेंडा मिरवणारे त्याचे नाव घेत नाहीत.

मग गरीब गोरा माणूस या सरकारसाठी का लढला? त्यांच्यातल्या बहुतेकांकडे एकही गुलाम नव्हता. उलट १८६२ साली कॉन्फेडरसीने कायदा केला की, ज्या मळ्यावर वीस किंवा अधिक गुलाम आहेत तेथील एका गोऱ्या पुरुषाला सक्तीच्या लष्करभरतीतून सूट. मरायला गरीब, राज्य मळेवाल्यांचे! तरीही तो लढला, कारण कितीही कंगाल असला तरी कोणीतरी आपल्या खाली आहे, हे समाधान त्याला मिळत होते. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात गोऱ्या मजुराला मिळणाऱ्या या मानसिक मजुरीचे विश्लेषण केले आहे. बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी ज्यांनी वाचली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

युद्ध हरलेल्यांनी पुढे आठवणींची लढाई जिंकली. १८७० साली मिसिसिपीतून हायराम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले होते. पण १८७७ साली राजकीय तडजोड झाली, दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी उभे असलेले केंद्राचे सैन्य मागे घेतले गेले आणि कृष्णवर्णीयांचा मताधिकार हळूहळू हिरावला गेला. १८९४ साली ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ ही संघटना निघाली. पुतळे उभे राहिले. त्यातले बरेचसे युद्धानंतर लगेच नव्हे, तर वंशभेदाचे कायदे पक्के होत असताना उभारले गेले. शाळेची पुस्तके तपासायची मोजपट्टीही तयार झाली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असे लिहिणारे पुस्तक नाकारा, असा त्यातला आदेश होता. तीच पुस्तके वाचून पिढ्या वाढल्या.

त्याची फळे आजही दिसतात. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाली. मारेकऱ्याने त्याच झेंड्यासोबत आपले फोटो काढले होते. २०१७ साली शार्लट्सव्हिल येथे सेनापती ली यांचा पुतळा हटवण्याच्या विरोधात जमलेल्यांत ‘लीग ऑफ द साऊथ’ही होती. तिथे एकाने विरोधकांच्या जमावावर गाडी घातली आणि हेदर हायर ही तरुणी मारली गेली. युद्धाच्या चार वर्षांत जो झेंडा अमेरिकेच्या संसदेत पोहोचला नाही, तो ६ जानेवारी २०२१ रोजी आत फिरला. ब्रॅग या कॉन्फेडरेट सेनापतीचे नाव असलेल्या लष्करी तळाचे नाव २०२३ साली बदलले. २०२५ साली त्याच आडनावाचा दुसरा सैनिक शोधून ते नाव परत आणले! मागच्या दाराने आत येण्याची ही कला आपल्याला अनोळखी नाही.

याचा अर्थ वेगळे होण्याची प्रत्येक मागणी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. १८०४ साली हैतीच्या गुलामांनी फ्रान्सपासून स्वतंत्र होऊन आपले राष्ट्र उभारले. तो मुक्तीचा लढा होता. वेगळे होऊन तुम्ही कोणाला मोकळे करणार आणि कोणाला बांधणार, ही खरी कसोटी आहे.

बाबासाहेबांनी या इतिहासाचा बारकाईने विचार केला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना ‘राज्यांचा संघ’ या शब्दांचे कारण देताना ते म्हणाले की, कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही हे ठरवायला अमेरिकनांना यादवी युद्ध करावे लागले. आपण ते सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. आणि हा संघ टिकवायला त्यांनी नुसते कलम दिले नाही. समता आणि बंधुता यांची जोड दिली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना. त्यानंतर चारच वर्षांत त्या सज्जनांच्या देशाने मुक्त झालेल्या माणसांना वाऱ्यावर सोडले. कायद्याने मिळालेले हक्क राखणारी चळवळ थकली की जुने मालक परत येतात, हा त्यातला धडा.

म्हणून मित्रांनो, कोणीही जुन्या राज्याचा झेंडा घेऊन दारात आला, तर त्याच्या वैभवाच्या गोष्टी ऐकू नका. त्या राज्याचा कायदा मागा. त्या कायद्यात तुमचे-आमचे स्थान कोणते होते, ते शोधा. आणि ते आपल्या पोरांच्या हाती पुस्तकातून द्या. नाहीतर पुस्तके दुसरे कोणी लिहील.

जय भीम!