मराठी निवडा आणि पस्तावा

शनिवार सकाळ. बाहेर वारज्याच्या पुलाखाली हॉर्नचा नेहमीचा कार्यक्रम चालू, मी दुसऱ्या चहावर. तेवढ्यात बाबा मोबाईल घेऊन आले. "अरे, हे बिल जातच नाहीये बघ."

आठच दिवसांपूर्वी मी मोठ्या हौसेने त्यांच्या ॲपची भाषा मराठी करून दिली होती. (कुठलं ॲप ते सांगत नाही. काय फरक पडतो, सगळी एका माळेचे मणी.) रकमेच्या चौकटीत ॲपने स्वतःच भरलेला आकडा होता: १,२५०. आणि त्याच्या खाली लाल अक्षरात: 'कृपया वैध रक्कम प्रविष्ट करा'.

म्हणजे पेपर स्वतःच लिहायचा आणि स्वतःच नापास करायचा!

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "जाऊ दे, मलाच जमत नाही हे. तू परत इंग्रजी करून दे." छत्तीस वर्षं हिशेबाच्या वह्या सांभाळलेला माणूस हा. डोकं सणकलं. आणि जास्त सणकलं ते अशासाठी, की चूक कुठे असणार हे मला बघताक्षणी कळलं होतं. कारण काही वर्षांपूर्वी तोच बग मी स्वतः लिहिलाय.

तर भानगड अशी आहे. कुठल्या भाषेत तारीख कशी लिहायची, स्वल्पविराम कुठे द्यायचा, अंक कुठले वापरायचे ही सगळी माहिती युनिकोडवाल्यांच्या सीएलडीआर नावाच्या एका सामायिक कोठारात असते. ब्राउझर आणि अँड्रॉइड तिथूनच ती घेतात. त्या कोठारात हिंदीचे ठरलेले अंक इंग्रजी आहेत आणि मराठीचे देवनागरी. आता आपला गडी काय करतो? हिंदीत टेस्ट करतो, सगळं हिरवं दिसतं, मग 'मराठी म्हणजे तेच की राव, लिपी एकच आहे' म्हणून मोकळा होतो. मराठीत आकडा १,२५० असा छापला जातो. पुढच्या पायरीला तोच मजकूर उचलून, स्वल्पविराम काढून (तेवढी अक्कल सगळ्यांना असते) जावास्क्रिप्टला 'ह्याचा नंबर कर' म्हणून दिला जातो. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक वाचता येत नाहीत. ते म्हणतं, हा नंबरच नाही. पायथनला येतात बरं का, पण तुमच्या बाबांचं बिल पायथनपर्यंत पोचतच नाही.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही फुकट. एक, दाखवायला छापलेला मजकूर परत हिशेबात घेऊ नका, मूळ आकडा वेगळा जपा. दोन, लोकेलच्या नावाला 'यू-एनयू-लॅटन' अशी शेपटी जोडता येते, मग भाषा मराठी आणि अंक इंग्रजी. सगळ्यात चांगलं म्हणजे हे वापरणाऱ्यालाच विचारा.

पण विचारणार कोण? आपल्या डोक्यात लोकेल म्हणजे एक ड्रॉपडाउन आणि भाषांतराची एक फाईल. युनिक्सवाल्यांनी कधीच संदेशांची भाषा, आकडे, तारीख, चलन, अकारविल्हे यांची सेटिंग्ज वेगवेगळी ठेवली होती. आपण ती सगळी एका बटणात कोंबली.

अकारविल्हेवरून आठवलं. मराठीत ळ येतो ह च्या नंतर, हे पहिलीतलं पोर सांगेल. युनिकोडच्या तक्त्यात तो ल ला चिकटून बसलाय. नुसत्या कोडच्या क्रमाने यादी लावली की काळे येतात कावरे आणि काशीकरांच्या आधी. मग मतदार म्हणा, सभासद म्हणा, आपलं नाव शोधत बसतात आणि 'यादीत नावच नाही' म्हणून भांडतात.

आणि ते 'वारजे मध्ये आपले स्वागत आहे'! अरे, वारज्यात. पुण्यात. मराठीत शब्द प्रत्यय लागताना बदलतो, त्यामुळे रिकाम्या जागेत नाव कोंबून वाक्य होत नाही. 'ठिकाण: वारजे' लिहा आणि सुटा.

आणखी एक मासला. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र जोडून काम भागवायचे, अजूनही कित्येक कीबोर्ड तेच करतात. दिसायला सारखं, पण सर्चला ते दोन वेगळे शब्द.

आता मराठीप्रेमी मंडळींबद्दल. वीस वर्षं आपण भांडलो ते 'प्रविष्ट करा' की 'टाका', संगणक की कॉम्प्युटर यावर. मीही भांडलोय, मजा येते. पण अंक, क्रम, प्रत्यय याकडे कोणी ढुंकून पाहिलं? आणि हे कुठल्या गावात, तर जिथे १९८८ साली सी-डॅक सुरू झालं, कानपूरच्या आयआयटीतलं जिस्टचं काम जिथे आलं. इस्कीचं मानक १९९१ चं आहे. देवनागरी संगणकावर आणायचं अवघड काम तेव्हाच झालं होतं. आपल्याला फक्त सेटिंग नीट करायचं होतं.

ऑफिसात हे काढलं की ठरलेलं उत्तर येतं: "मराठीत वापरतं कोण? डेटा बघ." डेटा बघितलाय मी. त्या डेटात बाबा आता 'इंग्रजी वापरकर्ता' आहेत. आठ दिवस मराठीत होते, मग 'स्वतःच्या पसंतीने' परत गेले. अशा माणसांना मोजून मराठीला मागणी नाही हे सिद्ध करायचं, आणि मागणी नाही म्हणून बग दुरुस्त करायचा नाही. वा!

असो. बिल मी इंग्रजीतून भरून दिलं. बाबा म्हणाले, "पुढच्या महिन्यात पण तूच भर." संध्याकाळी लॅपटॉप उघडून आमच्या प्रॉडक्टचं जुनं तिकीट शोधलं. 'मराठीत रक्कम स्वीकारली जात नाही.' २०२१ साली उघडलेलं, महत्त्व: कमी. 'आत्ता नको' असा शेरा मारून बंद केलेलं, आणि बंद करणारा मीच. ते परत उघडलंय. महत्त्व बदललंय. सोमवारी मॅनेजर विचारेल, तेव्हा बघू.