आरोग्यविचार : पदराआडचें दुखणें

घरांत कोणास ताप आला तर सारें घर जागतें. परंतु सुनेच्या अंगावरून पांढरें जाऊं लागलें, खाज सुटली, तर तें दुखणें तिच्या पदराआडच राहतें. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी करून 1989 सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेंकडा 92 स्त्रियांस कांहींना कांहीं स्त्रीरोग होता. पूर्वीं तपासणी झालेल्या मात्र शेंकडा 8 च!

अशा विकारांपैकीं एक कँडिडा नांवाच्या बुरशीचा. गरोदरपणीं व मधुमेहांत ती विशेष फोफावते. पोटांत घेतलेलें औषध सर्व शरीरांत फिरतें. म्हणून गर्भवतीस डॉक्टर जागच्या जागीं लावण्याचेंच औषध पसंत करितात. पण साधें मलम लवकर ओघळून जातें. यावर शास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय म्हणजे जेल.

सब्जाचें बीं भिजविलें म्हणजे त्याभोंवतीं बुळबुळीत थर फुगतो, तसाच हा प्रकार. कार्बोपोलसारखें द्रव्य पाण्यांत फुगून जाळें तयार करितें व ओल्या त्वचेस चिकटून राहतें. क्लोट्रिमॅझोल पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. म्हणून त्याचे अतिसूक्ष्म कण करून या जाळ्यांत बसवितात. तेथून औषध हळूहळू झिरपतें, जागेवर अधिक काळ टिकतें व रक्तांत फार थोडें जातें.

पोलोक्सामर या द्रव्याचा गुण तर उलटाच : थंडींत तें पातळ असतें व उबेनें घट्ट होतें. योग्य प्रमाण साधलें म्हणजे पातळ औषध शरीराच्या उष्णतेनें आंत जाऊन थिजतें. परंतु चंद्रपुरास उन्हाळ्यांत पारा 45 अंशांवर चढतो. तेथें तें कुपींतच थिजणार! अरण्यांतील खेड्यासाठीं औषध करावयाचें तर प्रयोगशाळेंतील थंडावा गृहीत धरून भागत नाहीं.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनीं ध्यानीं धरावी. अंगावरून जाणारें प्रत्येक पाणी बुरशीचें नसतें. अन्य जंतूंस हें औषध लागू पडत नाहीं. म्हणून तपासणी आधीं, औषध मागून. जेल कितीही चिकट असो, तें न बोललेल्या दुखण्यापर्यंत पोंचत नाहीं. घरांतील वडील स्त्रियांनीं लेकीसुनांस हा प्रश्न स्वतः होऊन, मायेनें विचारावा, एवढीच आमची विनंती.